उत्तरेला टांगलेली हाओरी

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी खुशाल हसावं. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही हसलेच असते.

कानाझावा शहरात माझं बायकांचे केस कापायचं छोटंसं दुकान आहे. खुर्चीत बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात. त्यांना माझं एकच उत्तर असतं, "मान सरळ ठेवा."

पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. आसानो नदीच्या काठावरचं आमच्या आईचं घर. बाहेर गारा पडत होत्या आणि वर ढग गडगडत होते. आमच्याकडे ऐन थंडीतच ढग गडगडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी घाबरले ते एका किटलीमुळे.

स्टोव्हवर भरून ठेवलेली ती किटली अचानक गप्प झाली…

पण आधी आईबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आई रेशमावर चित्रं काढायची. चाळीसेक वर्षं तिनं लोकांच्या किमोनोंवर फुलं-पानं रंगवली. स्वतःसाठी मात्र एकच वस्तू केली, ती म्हणजे एक हाओरी. किमोनोवर घालायचं सैल रेशमी जॅकेट. काळ्या रेशमावर पांढरी शेवंती, आणि शेवंतीच्या खालून वाहणारी एक निळी नदी. नदी खालच्या काठापासून सुरू व्हायची आणि वळत वळत कमरेपर्यंत यायची.

शेवंतीच्या प्रत्येक पानावर किडीनं खाल्लेलं एक बारीक भोक रंगवलेलं होतं. आमच्या गावचे रंगारी असंच काढतात. "धडधाकट पान मेलेलं दिसतं," आई म्हणायची. "किडीनं खाल्लं की समजायचं, यात जीव आहे."

माझ्या नोबुएताईला लहानपणापासून हे काम शिकायचं होतं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी ती, आजही आईच्या घरीच राहते. आईनं तिला कधी ब्रशला हात लावू दिला नाही.

"तुझा हात जड आहे गं. रेघ नाही, दोरखंड काढतेस."

ताई हसायची. पण तिला ते फार लागायचं. मला माहीत आहे, कारण रडायला ती माझ्याच खोलीत यायची.

ती हाओरी आई फक्त नवीन वर्षाला घालायची. बाकी वर्षभर ती कागदात गुंडाळून कपाटात. आम्हा दोघींना हात लावायची बंदी.

गेल्या नोव्हेंबरात आई गेली. शेवटचे काही दिवस तिला काही गिळता येत नव्हतं. पाणीसुद्धा नाही. दिलं की ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. आम्ही नुसता ओला कापूस ओठांवर फिरवायचो.

"पाणी दे गं इत्सुको," ती म्हणायची. "एक घोट."

मी कापूस पुन्हा भिजवायचे.

जायच्या आदल्या दिवशी ती एकदम शुद्धीवर आली. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा अंगावरचा कपडा घरामागे, उत्तरेला तोंड करून टांगतात आणि त्यावर पाणी घालत राहतात. एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत तो वाळू द्यायचा नाही. गेलेल्याची वाट रखरखीत असते, तेवढंच त्याला पाणी मिळतं. आता हे फारसं कुणी करत नाही. पण आई जुन्या वळणाची.

ती ताईचा हात धरून म्हणाली,

"माझी हाओरी टांग. तीच. दुसरं काही टांगलंस तर ते माझं आहे हे मला कळायचं नाही."

"आई, रेशीम आहे ते! आकसेल, डाग पडतील."

"पडू देत. नदी मी काढून ठेवलीय. पाणी तेवढं तुम्ही घाला."

ताई हो म्हणाली.

अंत्यविधी झाल्यावर मी घरामागे गेले, तर बांबूवर आईचा जुना सुती झोपायचा किमोनो टांगलेला. त्यातून पाणी निथळत होतं.

"ताई, हे काय?"

"आईचाच आहे ना? रोज घालायची ती."

"पण ती हाओरी म्हणाली होती."

"अगं, तापात माणूस काहीही बोलतं. वाऱ्यापावसात टांगू तिला? आईच्या हातची एकुलती एक वस्तू? तू तुझे केस काप बाई, रेशमातलं तुला काय कळतं!"

खरं सांगायचं तर मला तिचं पटलं. मलाही ते रेशीम वाया जायला नको होतं.

पण आठवडाभरानं मी पुन्हा गेले…

सुती किमोनो कडकडीत वाळलेला होता. खळ घालून इस्त्री केल्यासारखा.

आता आमच्याकडचा हिवाळा ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगायला नको. इथे मोजा वाळायला तीन दिवस लागतात. त्या दिवशी तर सकाळपासून भुरभुर चालू होती. बांबू ओला, भिंत ओली, खालची फरशी ओली.

कपडा तेवढा कोरडा.

"मी तासाभरापूर्वीच बादली ओतली," ताई म्हणाली. "वारा असेल."

वारा नव्हता.

शेजारच्या कुवाता आजी कुंपणापलीकडे सलगम उपटत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, "नोबुए, पाणी जरा सावकाश ओतत जा गं. दिवसभर घटाघट आवाज येतो. कुणी पाणी पितंय असंच वाटतं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी हसण्यावारी नेलं. दुकान उघडायचं होतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ताईनं ती हाओरी कपाटातून काढली. फोनवर मला म्हणाली, "घरात गारठा फार आहे. स्वेटरवर घालून बसते. तू बघायला हवंस, मला कशी दिसते ते!"

तिचा आवाज इतका खूश होता की मला तिला अडवावंसं वाटलं नाही. तिला इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं. आमच्याकडे गेलेल्याचे कपडे एकोणपन्नासाव्या दिवसानंतरच वाटून घेतात. त्याआधी कुणी घालत नाही. हे ताईलाही ठाऊक होतं.

मग तिचे फोन विचित्र व्हायला लागले.

बोलता बोलता ती थांबायची. पाणी प्यायल्याचा आवाज यायचा. परत दोन वाक्यं. परत पाणी.

"किती पितेस गं?"

"तहान लागते. खोली गरम ठेवायला स्टोव्ह चालू असतो ना, त्यानं हवा कोरडी होत असेल."

"साखर तपासलीस का?"

"तपासली. काही नाही म्हणाले. इत्सुको… देव्हाऱ्यापुढे ठेवलेली आईची पाण्याची वाटी आहे ना…"

"तिचं काय?"

"काही नाही. भरते आणि वळते तोवर रिकामी असते."

मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. तीच ती डिसेंबरातली संध्याकाळ.

दार ताईनं उघडलं. मी तिला ओळखलंच नाही.

गाल आत गेलेले. ओठांना भेगा, भेगांत वाळलेलं रक्त. हाताची कातडी सुरकुतून हाडाला चिकटलेली. पंधरा दिवसांत बाई वीस वर्षांनी म्हातारी झाली होती. आणि अंगावर ती काळी हाओरी, समोरची रेशमी दोरी घट्ट बांधलेली.

"ये गं," ती म्हणाली. आवाज पाचोळ्यासारखा.

आत सगळीकडे रिकाम्या बाटल्या. फुलदाणीतली फुलं चुरगळून पडलेली, तळाशी पाण्याचा पांढरा वण. मोरीतली बादली रिकामी. मी किटली काठोकाठ भरली आणि स्टोव्हवर ठेवली. चहा तरी करू म्हटलं.

आम्ही बसलो. किटली गुणगुणायला लागली. मग उकळायला लागली.

आणि अचानक गप्प झाली.

मी झाकण उचललं.

आत थेंबभर पाणी नव्हतं. किटलीचा तळ मात्र… थंडगार होता.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "तुलाही दिसलं ना? मला वाटलं, मीच वेडी झाले."

"ताई, ती हाओरी काढ."

"का?"

"काढ म्हणते ना!"

"नाही काढणार!" त्या भेगाळलेल्या ओठांनी ती किंचाळली. "आयुष्यात तिनं मला एक रेघ मारू दिली नाही. मी तिचं हगणंमुतणं काढलं, इत्सुको. तू रविवारी यायचीस. मी रोज होते. एवढं तरी माझं असू दे."

खरंच होतं ते.

ताई रागानं उठून पाठमोरी उभी राहिली. आणि मला हाओरीची पाठ दिसली.

नदी नव्हती.

निळा रंग उडाला होता असं नाही. डाग नव्हता, भुरकट पट्टा नव्हता. जिथे पाणी होतं तिथे आता दगडगोटे होते. गोल, करडे, एकेक बारकाईनं रंगवलेले. आणि मधे भेगा पडलेला कोरडा चिखल.

आईनं दगड कधीच काढले नव्हते.

भीतीपेक्षा मला राग जास्त आला, कुणाचा ते माहीत नाही. मी ताईला धरलं आणि समोरची दोरी सोडायला गेले. गाठ सुटेना. बोटभर रेशमी दोरी, पण दगडासारखी घट्ट. ताई माझ्या हातात लटपटत होती. तिचं वजन लहान पोरीएवढंसुद्धा नव्हतं.

"मला तहान लागलीय गं," ती म्हणाली. "एक घोट."

हे आईचं बोलणं होतं. शब्द तेच, सूर तोच.

माझ्या पिशवीत कात्री असतेच. मी ती काढली आणि दोरी कापली.

हाओरी हातात घेतली तर धगधगत होती. तव्यावरून उचलल्यासारखी.

मी धावत मागच्या दारानं बाहेर गेले. गारांचा मारा चालू होता. त्या माऱ्यातही सुती किमोनो कोरडा ठणठणीत. तो मी ओढून काढला आणि त्याच बांबूवर हाओरी घातली. उत्तरेला तोंड करून. नळ सोडला, बादली भरली.

"नको!" ताई दारात उभी होती. "इत्सुको, नको! सगळं खराब होईल! आईचं काहीच उरणार नाही!"

"तू उरशील," मी म्हणाले आणि बादली ओतली.

खाली एक थेंब पडला नाही.

सगळं पाणी रेशमात गेलं. आणि मग मला ऐकू आलं…

घट. घट. घट.

कुवाता आजींचे कान खरंच तिखट.

मी दुसरी बादली ओतली. तीही गेली. तिसरी ओतली. माझे हात बधिर झाले होते. ढग गडगडत होते, तरी त्यावरून तो गिळण्याचा आवाज येत होता. कित्येक दिवसांचं तहानलेलं माणूस पिताना करतं तसा. मधेच दम घेण्यापुरता थांबायचा. पुन्हा सुरू.

कुणीतरी माझ्या हातातून बादली घेतली.

ताई होती. अनवाणी, गारांमध्ये.

"पी आई," ती म्हणत होती. "पी गं. चुकलं माझं. हवं तेवढं पी."

ती रडत होती. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या सगळ्या प्रकारात मला एवढीच एक गोष्ट पाहून हायसं वाटलं.

किती बादल्या ओतल्या आठवत नाही. पण एका बादलीनंतर हाओरीच्या काठावर एक थेंब लोंबकळला.

टप.

मग दुसरा.

आत स्टोव्हवर रिकामी किटली गुणगुणायला लागली…

त्या रात्री ताईनं वाटीभर भाताची पेज खाल्ली आणि झोपली. पाणी मागितलं नाही.

पुढे एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत आम्ही आळीपाळीनं पाणी घातलं. मी सकाळी दुकानाआधी, ताई दिवसभर. ताईच्या अंगावर पुन्हा मांस चढलं. ओठ भरून आले. जानेवारीत बौद्ध पुजारी येऊन मंत्र म्हणून गेले आणि आम्ही हाओरी उतरवली.

मी मनाची तयारी केली होती. एवढं पाणी, हिम, वारा. रेशमाचं पोतेरं झालं असणार.

एक डाग नव्हता. नदी परत आली होती. पूर्वी कमरेपर्यंत होती, आता खांद्यांपर्यंत दुथडी भरून.

ताई आनंदानं रडायला लागली. मीही रडले.

मग माझं लक्ष पानांकडे गेलं.

सगळी पानं धडधाकट होती. कुठल्याच पानावर भोक नव्हतं. मी एकेक पान बोट लावून पाहिलं. कीड लागलेलं एकही नाही. शेवंती सुंदर होती, आणि कागदाच्या फुलांसारखी मेलेली होती.

ताईला मी ते बोलले नाही. हाओरी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

गेल्या महिन्यात मी ताईकडे गेले होते. छान ऊन पडलं होतं. तिनं चहा केला. स्वतःसाठी घेतला नाही.

"तू नाही घेत?"

"नको गं. हल्ली तहानच लागत नाही."

"म्हणजे किती दिवस?"

"आठवत नाही बाई. तू पी, गार होईल."

ती कुवाता आजींची काहीतरी गंमत सांगत होती. आजींनी टपालवाल्याला जावई समजून जेवायला बसवलं, असलं काहीतरी. मी हसत होते. तिचा उजवा हात टेबलावर होता. बोलता बोलता तिचं एक बोट लाकडावर फिरत होतं.

बोट ओलं होतं.

कशानं ते मला कळलं नाही. तिच्यापुढे पेला नव्हता. माझा चहा माझ्या हातात होता.

ती पाण्यानं पान काढत होती. शेवंतीचं पान. आधी मधली शीर, मग कडेचे दाते, केसाएवढ्या बारीक रेघेनं. कुठे थांबणं नाही, खोडणं नाही. मी लहानपणापासून ती रेघ ओळखते. आईची रेघ. मग तिनं बोटानं पानाचं पोट भरलं, आणि एका कडेला एक बारीकसा ठिपका…

कोरडा सोडला.

माझ्या हातातला कप खाली ठेवताना वाजला. ताई बोलायची थांबली. आपल्याच हाताकडे पाहिलं तिनं. जरा दचकली. आणि मग तिचा चेहरा असा उजळला, जसा मी आमच्या बालपणानंतर पाहिलाच नव्हता.

"इत्सुको," ती हळूच म्हणाली. "माझा हात हलका झालाय ना गं?"

ती आयुष्यभर ज्यासाठी झुरली, ते तिच्या समोर होतं. तिच्या बोटाखाली.

"हो," मी म्हणाले.

ती चहाची भांडी घेऊन आत गेली. मी फडकं घेतलं आणि ते पान पुसलं. नीट, दाबून.

फडकं ओलं झालं. मी हात उचलला.

पान तिथेच होतं.

मी पुन्हा पुसलं.

काल ताईचा फोन आला होता. खूप आनंदात होती. म्हणाली, रेशमाचा एक नवा तागा आणलाय, ब्रश आईचेच काढलेत, तुझ्यासाठी एक हाओरी करतेय.

"नदी काढतेय," ती म्हणाली. "तू कधी येतेस?"

येते म्हणाले. अजून गेले नाही.